जॉन स्टुअर्ट मिल : वडिलांच्या टेबलाशी घडलेला मुलगा

हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा, शाळेच्या आठवणी माझ्याहून सरसपणे सांगू शकतील असे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत, हे प्रथम मनात आले. म्हणून मी थोडा वेगळा विषय निवडला आहे. अध्यापनाच्या वर्षांत एक प्रश्न पालकांनी मला वारंवार विचारला. मूल अभ्यासात मागे पडत असेल तर काय करावे, हे विचारणारे पालक असतच. परंतु मूल विलक्षण बुद्धिमान निघाले तर काय करावे, हे विचारणारे पालक मला अधिक गोंधळलेले दिसत. त्याला किती लवकर आणि किती शिकवावे, इतर मुलांत मिसळू द्यावे की वेगळे ठेवावे, त्याचे कौतुक करावे की आवरते घ्यावे, याविषयी त्यांच्या मनात धाकधूक असे. या प्रश्नाला ठरीव उत्तर नाही. तथापि, उत्तर शोधताना मला नेहमी एका मुलाचे चरित्र आठवत असे. तो मुलगा म्हणजे प्रसिद्ध इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. बुद्धिमान मुलाला वाढविण्याचा त्याच्याइतका जाणीवपूर्वक केलेला प्रयोग क्वचितच झाला असेल. आणि त्या प्रयोगाचा वृत्तांत त्या मुलानेच मोठेपणी आत्मचरित्रात नि:संकोचपणे लिहून ठेवला, हे आपले भाग्य होय.

या कथेचा आरंभ वडिलांपासून करावा लागतो. जेम्स मिल हा स्कॉटलंडमधील एका खेड्यात जोडे बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याचा जन्म १७७३ सालचा. मुलाने शिकून मोठे व्हावे, ही त्याच्या आईची जबर आकांक्षा होती. सर जॉन स्टुअर्ट नावाच्या सधन गृहस्थाच्या आश्रयाने तो एडिंबरो विद्यापीठात शिकला, धर्मोपदेशक होण्याचा परवाना त्याने मिळविला; परंतु त्या व्यवसायात त्याचे मन रमले नाही. १८०२ साली तो लंडनला आला आणि लेखणीच्या बळावर उपजीविका करू लागला. १८०५ साली त्याचा विवाह झाला. २० मे १८०६ रोजी पहिला मुलगा झाला, तेव्हा उपकारकर्त्याची आठवण म्हणून त्याने मुलाचे नाव जॉन स्टुअर्ट ठेवले.

त्याच वर्षी जेम्स मिलने आणखी एका मोठ्या कामास हात घातला. ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास लिहावयाचा त्याने संकल्प केला. काही वर्षांत पुरे होईल असे वाटलेले हे काम अकरा-बारा वर्षे चालले. ज्या देशाविषयी तो लिहीत होता, तो त्याने कधी पाहिला नव्हता आणि येथील एकही भाषा त्याला येत नव्हती. आपल्या समाजाविषयी आणि संस्कृतीविषयी त्याने केलेली विधाने आज वाचताना मन खट्टू झाल्यावाचून राहत नाही. परंतु तो ग्रंथ ज्या टेबलावर लिहिला गेला, त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूस एक लहान मुलगा बसलेला असे, आणि आपली कथा त्या मुलाची आहे.

माणसाचे मन जन्मत: कोरे असते, त्याला जे वळण द्यावे तसे ते घडते, अशी जेम्स मिलची ठाम श्रद्धा होती. १८०८ च्या सुमारास त्याची जेरेमी बेंथमशी मैत्री जमली. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख हीच कायद्याची आणि नीतीची कसोटी, असे मांडणारा हा तत्त्वचिंतक. आपल्या दोघांच्या मागे आपले कार्य पुढे चालविणारा वारस या मुलातून घडावा, अशी या दोन मित्रांची इच्छा होती. मूल सहा वर्षांचे होण्यापूर्वीच ते काय होणार हे ठरून गेले होते. मुलाला कोणी विचारले नव्हते. विचारण्याचे ते वयही नव्हते.

जॉनला शाळेत घालण्यात आले नाही. तिसऱ्या वर्षी वडिलांनी त्याला ग्रीक भाषा शिकविण्यास प्रारंभ केला. छोट्या कार्डांवर ग्रीक शब्द आणि त्याचा इंग्रजी अर्थ लिहून ती कार्डे मुलाच्या हाती देत. प्रथम इसापच्या कथा, मग झेनोफन, मग संपूर्ण हिरोडोटस असा क्रम लागला. सातव्या वर्षी प्लेटोचे सहा संवाद त्याने वाचले. त्यांतील एक तरी आपल्याला मुळीच कळणे शक्य नव्हते, असे त्याने पुढे प्रांजळपणे नमूद केले आहे. आठव्या वर्षी लॅटिन सुरू झाले, पाठोपाठ युक्लिडची भूमिती आणि बीजगणित. बाराव्या वर्षी ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र, तेराव्या वर्षी अर्थशास्त्र.

ही यादी ऐकून आजचा पालक थक्क होतो, आणि काही पालकांच्या डोळ्यांत एक चमकही दिसते. म्हणून या यादीमागे काय होते ते नीट पाहिले पाहिजे. त्या काळी ग्रीकचा शब्दकोश लॅटिनमधून असे, आणि मुलाला लॅटिन अजून येत नव्हते. साहजिकच अडलेला प्रत्येक शब्द वडिलांना विचारावा लागे. जेम्स मिल स्वभावाने अत्यंत उतावळा. त्यात वाढता संसार, पुढे तर नऊ मुले, आणि उत्पन्न लेखणीचे. तरीही इतिहासाचे पान लिहिता लिहिता तो दर दोन मिनिटांनी थांबे आणि मुलाला शब्दाचा अर्थ सांगे. वर्षानुवर्षे हे चालले. शिक्षणाच्या इतिहासात या दृश्याइतके मोठे दृश्य मला तरी माहीत नाही. मुलासाठी पैसा खर्च करणारे वडील पुष्कळ असतात. आपल्या कामाच्या मध्यभागी मुलाला बसवून घेणारे थोडे.

सकाळी न्याहारीपूर्वी बाप-लेक फिरावयास जात. आदल्या दिवशी वाचलेल्या इतिहासग्रंथांची टिपणे मुलगा कागदाच्या चिटोऱ्यांवर करून ठेवी आणि चालता चालता वडिलांना वृत्तांत सांगे. ह्यूम, गिबन, रॉबर्टसन यांचे इतिहास त्याने असे वाचले. रॉबिन्सन क्रूसो आणि अरबी कथाही त्याला मिळाल्या, पण त्या मोजक्याच. अर्थशास्त्र शिकविताना तर पाठ्यपुस्तक नव्हतेच. वडील फिरता फिरता एकेक भाग समजावून देत, मुलगा दुसऱ्या दिवशी तो लिहून आणी, आणि तो स्पष्ट, अचूक व पूर्ण होईपर्यंत त्याला पुन:पुन्हा लिहावयास लावीत. तेरा वर्षांच्या मुलाची ही टिपणे पुढे जेम्स मिलला स्वत:चे अर्थशास्त्रावरील पुस्तक लिहिताना उपयोगी पडली.

या पद्धतीचे एक सूत्र होते. जे विचाराने शोधता येईल, ते मुलाने शोधण्यासाठी पुरेपूर धडपड केल्याखेरीज त्याला सांगावयाचे नाही. पाठांतरावर भर नव्हता. एकदा जॉनच्या तोंडून सिद्धान्त आणि व्यवहार यांत विरोध असू शकतो, असे काही सर्वसामान्य वाक्य निघून गेले. वडिलांनी लगेच सिद्धान्त या शब्दाची व्याख्या विचारली. मुलाला ती नीट सांगता येईना, आणि वडील रागावले. तो राग अवाजवी होता, असे मोठेपणी मिलला वाटले; परंतु वापरलेल्या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक असला पाहिजे, ही शिस्त त्याच्या अंगी जन्मभर राहिली.

आठव्या वर्षापासून त्याच्यावर आणखी एक जबाबदारी आली. स्वत: शिकलेले लॅटिन त्याने धाकट्या बहिणीला शिकवावयाचे, आणि पुढे इतर भावंडांनाही. ती धडा चुकली तर जाब याला द्यावा लागे. शिकविताना आपला विषय पक्का होतो, हा लाभ त्याने मान्य केला. परंतु शिक्षक-विद्यार्थ्याचे ते नाते भावंडांत असणे चांगले नव्हे, असेही त्याने लिहून ठेवले. घरातील हुशार मुलाला धाकट्यांचा मास्तर करण्याची आपल्याकडील घरांतही सवय असते, म्हणून हे सांगितले.

या मुलाला बरोबरीचे सवंगडी नव्हते. सुटीचा दिवस नव्हता, कारण सुटीने कामाची सवय मोडते, असे वडिलांचे मत होते. खेळ जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे हाताने करावयाच्या कामांत तो आयुष्यभर अजागळ राहिला. आणि त्या अजागळपणाबद्दल वडीलच त्याला बोल लावीत.

मुलाला गर्व होऊ नये, याची मात्र वडिलांनी फार काळजी घेतली. स्तुती त्याच्या कानी पडणार नाही, असे ते पाहत. इतर मुलांना काय येते हे जॉनला ठाऊकच नव्हते. वडिलांच्या अपेक्षेशी तुलना करून आपण मागासलेलेच आहोत, असे त्याला वाटे. चौदाव्या वर्षी तो प्रथमच दीर्घकाळ घर सोडून फ्रान्सला निघाला, तेव्हा वडील त्याला हाइड पार्कमध्ये फिरावयास घेऊन गेले. आपल्या वयाच्या मुलांना सहसा येत नाहीत अशा पुष्कळ गोष्टी तुला येतात, लोक तसे तुला सांगतील. परंतु त्यात तुझा काही पराक्रम नाही, शिकवू शकणारा आणि त्यासाठी वेळ देणारा बाप तुला लाभला एवढेच त्याचे कारण, अशा अर्थाचे त्यांनी मुलाला समजाविले. मुलाने ते तंतोतंत मानले. आपली उपजत बुद्धी सर्वसामान्यांहून काकणभर कमीच होती, असे त्याने पुढे आत्मचरित्रातही लिहिले. त्याच घरात, त्याच वडिलांच्या नजरेखाली वाढलेल्या आठ भावंडांपैकी कोणीही त्याच्यासारखे नाव मिळविले नाही, हे पाहता त्याचे हे मत आपण विनय म्हणूनच घ्यावे.

फ्रान्समध्ये बेंथमच्या भावाच्या कुटुंबात तो वर्षभराहून अधिक राहिला. पिरिनीज पर्वत पाहिले, वनस्पती गोळा करण्याचा छंद जडला, मोकळेपणाने बोलणारी माणसे भेटली. वनस्पतींचा छंद त्याने अखेरपर्यंत जपला. वडिलांनी न आखलेली अशी ती त्याच्या आयुष्यातील बहुधा पहिली गोष्ट होती.

दरम्यान इतिहासग्रंथ प्रसिद्ध होऊन जेम्स मिलला ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत, इंडिया हाऊसमध्ये नोकरी मिळाली होती. १८२३ साली, सतराव्या वर्षी, जॉन त्याच कचेरीत वडिलांच्याच हाताखाली रुजू झाला. विसाव्या वर्षापर्यंत त्याने नियतकालिकांत लेख लिहिले, वादमंडळे चालविली, आणि बेंथमच्या विस्कळीत हस्तलिखितांतून पुराव्याच्या कायद्यावरील पाच खंडांचा ग्रंथ संपादून सिद्ध करण्याचे प्रचंड काम उचलले. प्रयोग यशस्वी झाला, असे कोणीही म्हणाले असते.

आणि १८२६ सालच्या शरद ऋतूत तो मुलगा आतून कोसळला.

बाहेर काही घडले नव्हते. एके दिवशी उदास मन:स्थितीत त्याने स्वत:ला प्रश्न केला : समाजसुधारणेची जी जी उद्दिष्टे आपण मानली, ती सर्व या क्षणी सिद्ध झाली, तर आपल्याला आनंद होईल काय? मनाने स्वच्छ नकार दिला. ज्या पायावर सारे आयुष्य उभारले होते, तो पायाच नाहीसा झाला. कचेरी, लेखन, भाषणे यंत्रवत चालू राहिली. रात्रीच्या झोपेने आणि आवडत्या पुस्तकांनीही उतार पडेना. अशा स्थितीत आपण वर्षभराहून अधिक जगू शकू, असे त्याला वाटेना.

हे सर्व त्याने कोणाला सांगितले? कोणालाही नाही. मन मोकळे करता येईल असा मित्र नव्हता. आईविषयी तर त्याच्या प्रसिद्ध आत्मचरित्रात जवळजवळ काहीच नाही. त्या घरात तिचा आवाज कोठे पोचत होता, हे त्या मौनावरूनच ताडावे. आणि वडील? ग्रीक शब्द अडला की ज्यांना दर दोन मिनिटांनी विचारता येत होते, त्यांच्याकडे या दु:खाचा अर्थ विचारण्यास जाणे त्याला सर्वांत अशक्य वाटले. ज्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचले, ते फसले, हे त्यांना कळून त्यांना व्यर्थ वेदना होतील, अशी त्याची समजूत होती. बापाला जपण्यासाठी मुलगा एकटाच अंधारात बसून राहिला.

या ठिकाणी वाचक सहज म्हणेल की अतिअभ्यासाने डोके थकले. मिलने स्वत: तसे निदान केले नाही. शिकल्याचा त्याला कधी पश्चात्ताप झाला नाही. समकालीनांच्या पुढे आपण पंचवीस वर्षे आघाडी घेऊन निघालो, असे तो मानीत असे. त्याला जाणवले ते असे : पृथक्करणाची सवय त्याला लावली गेली होती, भावनेची जोपासना मात्र झाली नव्हती. प्रत्येक गोष्ट सोडवून पाहणारे मन आपल्या आवडीनिवडीही सोडवून पाहते, आणि त्यांचे धागे हाती उरत नाहीत. वडिलांच्या ठायी मुलांविषयी प्रेम नव्हते असे नाही. परंतु ते दाखविण्याची त्यांना लाज वाटे, आणि न दाखविल्याने ते आटत गेले, असे मिलने मोठ्या समजूतदारपणे लिहिले आहे. धाकट्या भावंडांना वडिलांची माया मिळाली. थोरल्याच्या वाट्याला मात्र शिक्षकच आला.

त्यातून तो बाहेर आला तो कोणत्याही तत्त्वज्ञानाने नव्हे. मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी तो वाचीत होता. वडील वारल्यावर दु:खात बुडालेल्या कुटुंबाला, आता मीच तुमचे सर्व काही होईन, असा धीर देणाऱ्या लहान मुलाचा प्रसंग आला, आणि मिलच्या डोळ्यांत अश्रू उभे राहिले. आपले हृदय दगड झालेले नाही, हे त्या अश्रूंनी त्याला सांगितले. नेमका वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग वाचूनच तो का रडला, यावर पुढे अभ्यासकांनी पुष्कळ तर्क केले. आपण त्या खोलात न शिरणेच बरे. हळूहळू ऊन, आकाश, पुस्तके, माणसे यांत थोडी गोडी वाटू लागली. दोन वर्षांनी, १८२८ मध्ये, वर्ड्‌स्वर्थच्या कविता हाती आल्या. निसर्गाच्या साध्या दर्शनातून उमटणाऱ्या शांत भावनेने त्याच्या मनाला जे हवे होते ते दिले. काव्य, संगीत, निसर्ग ही शिक्षणाची शोभा नसून शिक्षणाचे अंगच आहे, हे त्याला पटले. सुखाचा पाठलाग केल्याने सुख मिळत नाही; दुसऱ्या एखाद्या गोष्टीत मन गुंतविले असता ते वाटेत भेटते, हेही त्याला याच काळात उमगले.

यानंतरचे त्याचे जीवन सर्वश्रुत आहे. १८३० साली हॅरिएट टेलर या बुद्धिमती स्त्रीशी त्याचा परिचय झाला. पुढे, पहिल्या पतीच्या निधनानंतर, १८५१ साली दोघांचा विवाह झाला. आपल्या विचारांतील पुष्कळ वाटा तिचा, असे तो सांगत असे. तर्कशास्त्रावरील ग्रंथ १८४३ मध्ये, अर्थशास्त्रावरील १८४८ मध्ये, स्वातंत्र्यावरील प्रसिद्ध निबंध १८५९ मध्ये आणि स्त्रियांच्या पारतंत्र्यावरील पुस्तक १८६९ मध्ये आले. स्वातंत्र्यावरील निबंधात, माणूस म्हणजे नमुन्याबरहुकूम बनविण्याचे यंत्र नसून आतल्या शक्तीने सर्व अंगांनी वाढू पाहणारे झाड आहे, असा विचार त्याने मांडला. तो वाचताना मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा मुलगा दिसतो. पार्लमेंटचा सभासद असताना, १८६७ साली, स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून त्याने दुरुस्ती मांडली. ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी फेटाळली गेली; पण प्रश्न सभागृहाच्या दप्तरी कायमचा नोंदला गेला. मे १८७३ मध्ये फ्रान्समधील आव्हिन्यों येथे त्याचे निधन झाले.

आपल्या देशाशी त्याचा संबंध पस्तीस वर्षांच्या नोकरीचा. कंपनीच्या कारभाराचा तो पुरस्कर्ता होता, हे विसरता येणार नाही. परंतु एक गोष्ट आपल्यासारख्या मातृभाषेतून शिकलेल्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. १८३५ साली मेकॉलेच्या मताप्रमाणे सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळविण्याचा निर्णय झाला, तेव्हा इंडिया हाऊसमध्ये त्याविरुद्ध खलिता मिलने लिहून तयार केला होता. नवे ज्ञान सामान्य लोकांपर्यंत पोचावयाचे तर ते येथील विद्वानांच्या द्वारे आणि येथील भाषांतूनच पोचेल, असा त्याचा आशय होता. वरिष्ठांनी तो खलिता नामंजूर केला. पुढे महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकरांच्या विचारांवर मिलचा गाढ प्रभाव पडला. व्यक्तिस्वातंत्र्याचा आणि स्त्रीशिक्षणाचा त्यांनी केलेला कैवार मराठी घरांत पोचला आणि त्याचा लाभ आपल्या आज्या-पणज्यांना झाला.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. मिलच्या चरित्रातून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली ही की बुद्धिमान मुलाला सर्वांत अधिक हवा असतो तो मोठ्या माणसाचा वेळ. शिकवणीची फी आणि महागडे साहित्य त्याची जागा घेऊ शकत नाही. लिहिता लिहिता थांबणारा जेम्स मिल आपण जरूर व्हावे. विचार करण्यापूर्वी उत्तर हाती न देणाराही व्हावे. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. अडलेला शब्द विचारण्यासाठी मूल ज्या दाराशी येते, त्याच दाराशी त्याला आपले अडलेले मन घेऊनही येता आले पाहिजे. मी हरलो, मला हे नको आहे, मला काही सुचत नाही, हे सांगितल्याने आई-वडिलांचा अपेक्षाभंग होईल, या भीतीने गप्प बसलेली हुशार मुले मी वर्गात पाहिली आहेत. त्यांच्या गुणपत्रिकेवर ते दिसत नसे. ते दिसे ते खेळाच्या तासाला एकट्याने उभे राहण्यात, किंवा निबंधाच्या वहीतील एखाद्या ओळीत.

आपल्या शाळेने या साठ वर्षांत किती विद्वान घडविले, याची यादी या स्मरणिकेत अन्यत्र असेल, आणि ती अभिमानास्पद असेल. मला स्वत:ला मधल्या सुटीतील गोंगाट, स्नेहसंमेलनातील चुकलेली गाणी आणि एका डब्यात जेवणारी चार मुले यांचे मोल त्या यादीइतकेच वाटते. लंडनमधल्या त्या मुलाला ग्रीक मिळाले, तर्कशास्त्र मिळाले, कोणालाही हेवा वाटावा असा गुरू मिळाला. नेमके हेच तेवढे मिळाले नाही. ते आपल्या मुलांना येथे सहज मिळत आले आहे. पुढील साठ वर्षेही मिळत राहावे, एवढीच या प्रसंगी इच्छा व्यक्त करतो.